फुजैरातले सहा पेले गहवा

सर्जरीच्या रेसिडेन्सीसाठी दोन मुलाखती वसईच्या घरात बसून ऑनलाइन दिल्या आणि दोन्ही वेळा सीट हुकली. दुबईपलीकडच्या फुजैराच्या एका हॉस्पिटलने ‘ऑनलाइन की प्रत्यक्ष?’ असं विचारलं, तेव्हा मी सरळ विमानात बसले. पडद्यावर नुसता चेहरा दिसतो, आणि मला माझे हात दाखवायचे होते.

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला फिलूमावशीकडे उतरले. तिचा आठवीतला रायन म्हणाला, “दीदी, यू केम ऑल द वे फॉर ट्वेंटी मिनिट्स?” मावशीने त्याला दटावलं आणि माझ्या ताटात सुरमईचा तिसरा तुकडा वाढला. वाढणाऱ्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

सकाळी टॅक्सीने फुजैरा गाठलं. वाळू संपून उघडेबोडके तपकिरी डोंगर लागले, मग एकदम समुद्र आणि तेलाची जहाजं. इथे आपलं जमणार, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

हॉस्पिटलात बाहेर बसले असताना एका वयस्कर गृहस्थांनी चिमुकल्या पेल्यात गहवा (वेलची घातलेली बिनसाखरेची अरबी कॉफी) दिला. मी संपवला, त्यांनी भरला. असे सहा पेले झाले.

आत प्रश्नांची उत्तरं मी धडाधड दिली. मग मुख्य सर्जन, हैदराबादच्या एक बाई, त्यांनी दोरा पुढे केला. गाठी मारायच्या होत्या. बघते तर माझी बोटं थरथरतायत!

“मॅडम, छह गहवा हो गए,” मी सांगून टाकलं. मनगटं टेबलावर टेकवली, श्वास सोडला आणि सावकाश दहा गाठी मारल्या. बाईंनी एकेक ओढून पाहिली. एकही सुटली नाही.

“हाथ सबका काँपता है, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “मुझे छुपानेवालों से डर लगता है.”

बाहेर मावशीला फोनवर हे सांगत होते, तेवढ्यात गहवावाले काका हसले. ते निघाले दापोलीचे. “बाय, पुरे झालं की पेला हलवायचा. मग खलास! तुम्ही मागत होता, मी देत होतो.”

वसईला परतल्यावर चौथ्या दिवशी, चहा पिताना, मेल आली. सीट मिळाली होती! घरून मुलाखत दिली असती तर हात थरथरले नसते, आणि बाईंना मी कळलेही नसते. आई आनंदाने पुन्हा चहा ओतायला आली. मी कप हलवला.

“अगं, सांडशील,” म्हणत तिने तो काठोकाठ भरला.