चारही बाजूंनी आमचं नाव

माझ्या गाडीला नवरा कासव म्हणायचा. नव्वदच्या दशकातलं कुवेत, ज्याला त्याला नवी जपानी गाडी हवी, आणि मी अहमदीतल्या तेल कंपनीच्या एका जुन्या बंगल्याच्या अंगणातून ही धूळ खात पडलेली इंग्रजी गाडी उचलून आणली होती. गोल दिवे, फिकट हिरवा रंग, मागे सामान बांधायचा कॅरियर. ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा रिग्गईच्या आमच्या बिल्डिंगखाली मी चक्क टाळ्या वाजवल्या. हौसेला मोल नसतं, असं म्हणतात. अक्कलही नसते, ही नवऱ्याची पुस्ती.

हिवाळ्यात एका शुक्रवारी अहमदीत जुन्या गाड्यांची रांग लागायची. मला त्या रांगेत उभं राहायचंच होतं. अट एकच, गाडीवर दिसेल ते सगळं जुन्या घाटाचं हवं. आणि माझा कॅरियर तर रिकामा, कुंकू पुसल्यासारखा. म्हणून मी शुवैखला गेले. तिथे गाड्यांच्या सीट शिवणारा एक कारागीर आमच्याच तालुक्यातला, मला वहिनी म्हणणारा. त्याला जाड तपकिरी चामड्याची, पितळी कड्यांची जुन्या पद्धतीची बॅग शिवायला सांगितली. "गुरुवारी द्याच, शुक्रवारी ती चढायला हवी," एवढंच मी बजावलं. कशावर, ते सांगायचं राहिलं.

गुरुवारी बॅग घ्यायला गेले. शिवण अशी की हात फिरवत राहावं, आणि तिच्यावर पिवळी नायलॉनची दोरी आवळलेली, चारही बाजूंना लाल रंगात आमचं आडनाव, गाव, तालुका, जिल्हा. मराठीत आणि इंग्रजीतही.

"हे काय करून ठेवलंत?" मी ओरडलेच.

"एका बाजूक लिवन भागणा नाय, वयनी," तो समजुतीने म्हणाला. "विमानतळावर पट्ट्यार बॅग खंयच्या तोंडान येतली, सांगूक येता?"

बॅग म्हणजे गावाला जाणार, दुसरं तिचं काम काय! घरी रॉकेलने घासून पाहिलं, रंग हटेना. मी चडफडत होते आणि नवरा पोट धरून हसत होता.

तरीही शुक्रवारी ती तशीच लावून गेले. रांग ठरवणारा म्हातारा इंग्रज माझ्या गाडीला फेरी मारून मागे थांबला. आता हा मला बाहेर काढणार, असं मी धरूनच चालले. तो वाकून अक्षरांवर हात फिरवू लागला. बोटीने प्रवास करायचो तेव्हा आमच्या पेट्यांवर अशीच नावं रंगवलेली असायची, म्हणाला, आणि माझी गाडी त्याने थेट रांगेच्या तोंडाशी उभी केली. मला नाचावंसं वाटत होतं!

मग त्याने बॅग उघडून दाखवायला सांगितली. मी ऐटीत दोरी सोडली. आत लहान मुलीचा गुलाबी फ्रॉक, पावडरचा डबा, टॉर्च आणि सुगंधी साबण. गावाला निघालेल्या माणसाबरोबर आपलं थोडं सामान द्यायचं, हा आखातातला रिवाजच. कारागिराने विचारलंही नव्हतं, आणि विचारतं कोण?

शनिवारी त्या वस्तू पिशवीत घालून परत द्यायला शुवैखला गेले. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं.

"म्हणजे वयनी, तुमका गावाक जावचा नाय?"

त्या वर्षी नव्हतंच जायचं. त्याचा चेहरा इतका पडला की मी पटकन म्हणाले, "जायचंय ना. तुमचं घर कुठे, तेवढं विचारायला आले." आणि पिशवी काढून घेतली.

नवऱ्याने तिकिटं पाहून कपाळावर हात मारला. मुंबईच्या पट्ट्यावर बॅग उलटी आली, तरी आमचं नाव लांबून वाचता आलं.

कारागिराच्या घरी पोचले तेव्हा त्याची मुलगी दारातच उभी होती. तिने फ्रॉक आईच्या हातात दिला आणि बॅगेपाशी बसून लाल अक्षरं बोटाने गिरवायला लागली.

"बाबांचा अक्षर," ती म्हणाली.

त्यापुढे मला ती बॅग उचलवेना, तिच्यापाशीच ठेवून आले. पुढच्या हिवाळ्यात मी रिकामा कॅरियर घेऊनच रांगेत गेले.