जावयापुरती नेच्याची भाजी

आमच्या नाल्याकाठी नेचा असा माजतो, की त्यात शिरलेला हत्ती पोळ्यालाच बाहेर निघावा. लेकीला न्यायला जावई आला आणि त्यानं नेच्याच्या कोवळ्या कोंबांची भाजी मागितली. मी विळा घेऊन निघालो, तशी बायको गरजली, "एका गड्ड्याचे दोनच कोंब खुडजा!"

"अवो, जावई उपाशी राहीन ना!"

"सारे खुडले तं पुढच्या खेपेले काय खाईन थो?"

दोन-दोन खुडत मी जवळपास मध्य प्रदेशात पोचलो. भाजी झाली वाटीभर. जावयानं ताटसुद्धा चाटलं.

"अजून हाय का, मामाजी?"

सासूच बोलली, "हाय ना, नाल्यावर वाढून राहिली. चार दिवस थांबा."

पठ्ठ्या थांबला. लेकही थांबली.