मशीन बंद, चपला रांगेत

मंडळी, आज तुमच्या शेअरनं लई मोठं काम केलं!

सकाळीच आमच्या गावात मतदानाचं मशीन बंद पडलं. ऊन कडक. मग सगळ्यांनी रांगेत आपापल्या चपला ठेवल्या अन् लिंबाखाली जाऊन बसले. केंद्राजवळ मोबाइल चालत न्हाय, म्हणून मी पार रस्त्यावर गेले. तिथवर आलेल्या चपलांच्या रांगेचा फोटो काढला अन् निवडणूक कार्यालयाला टॅग करून टाकला. बेंबळीपासून भूमपर्यंत तुम्ही धडाधड शेअर केलात, अन् जीप नवं मशीन घेऊन हजर!

मी पळत केंद्रावर आले. शेजारच्या सखूमावशी म्हणाल्या, "शाब्बास पोरी! पण तुझी चप्पल कुठंय?"

माझ्या पायात!

कौतुक सगळ्यांनी केलं, पुढं मात्र कुणीच घेतलं न्हाय. सगळ्यात शेवटी मत दिलं. तुमच्या गावात घेतलं असतं का हो?