धाकट्या जावेचं रक्त

चिखलीत आम्ही दोघी जावा एकाच घरात राहायचो. मी खाली, धाकटी वर. ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची. तिला तीनदा दिवस राहिले आणि तीनदा गर्भ पडला, शेवटचा तर सहाव्या महिन्यात. त्यावरून घरात तिला कुणी तोंडावर काही बोललं नाही. मी बोलले.

माझ्या मुलीचं डोहाळेजेवण होतं. बायका जमल्या, तशी धाकटी नारळ घेऊन खाली आली. मी तिला दारातच अडवलं. "तू आज वरच थांब," मी हळूच म्हणाले, "पोरीच्या मनात उगाच शंका नको."

तिनं नारळ माझ्या हातात दिला आणि वळली. जिना चढताना दोनदा थांबली, कठडा धरून दम घेत राहिली. मला वाटलं, मला दाखवायला थांबतेय.

दोन महिन्यांनी कामावर असताना तिचा डावा हात लुळा पडला. दवाखान्यात हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी दिराला आणि मला समोर बसवून सांगितलं, की हिचं शरीर स्वतःवरच उलटलंय, त्यानं रक्तात गुठळ्या होतात. हृदयाच्या एका झडपेवर गाठी धरून ती निकामी होत आलीय, दम त्यामुळेच लागायचा. त्यातलाच एक कण मेंदूत जाऊन अडकला. मग त्यांनी विचारलं, आधी गर्भपात झालेत का. दिरानं तीन बोटं दाखवली.

"तेही बहुतेक याच आजारानं," त्या म्हणाल्या. "आधी कळलं असतं तर उपचार करता आले असते."



ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. हात बराच सुधारला, पण नोकरी सुटली. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभर. मूल होऊ देणं जिवावर बेतेल, असंही सांगितलं.

एका दुपारी ती माझ्याकडे मेथी निवडत बसली होती, डाव्या हातानं सावकाश. मी कशीबशी म्हणाले, "त्या दिवशी मी तुला दारातून परत पाठवलं."

तिनं मान वर केली नाही. "ताई, तेव्हा मलापण तसंच वाटायचं. माझ्यातच काहीतरी वाईट आहे म्हणून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला तसं वाटावं म्हणून मी आधीही काय काय केलं होतं, ते आता एकेक आठवत राहतं. कणीक मळताना, बसची वाट बघताना. ते सगळं तिच्या लक्षात आहे का, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.