अक्कांची बाजू मी मांडली

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मगच सांगतो. कारण हा घोळ मी एकट्याने घातला, भरदुपारी, पूर्ण शुद्धीत, आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली!

तेव्हा मी जळगावात समाजकार्य शिकत होतो आणि एका संस्थेत इंटर्न होतो. काम काय, तर निवडणूक लढवणाऱ्या बायकांना मदत करायची. आमच्या प्रमुख माधुरीताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाईच्या जागी नवरा बोलायला लागला, की त्याला गोड बोलून बाहेर बसव." हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. 'गोड बोलून' तेवढं निसटलं.

मला पारोळ्याकडच्या एका गावी सुमनअक्कांकडे पाठवलं. सरपंचपद बाईसाठी राखीव, आणि उमेदवार दोनच. एक अक्का, दुसऱ्या त्यांच्याच भाऊबंदातल्या कमलबाई. माघार घ्यायचा शेवटचा दिवस होता. म्हटलं, जाऊन अक्कांना जरा धीर द्यावा.

घरात शिरतो तर काय? खाटेवर पांढऱ्या टोपीतले एक मिशाळ आबा ऐसपैस बसलेले. खाली भिंतीशी अक्का. पदर पार नाकापर्यंत! अहो, आमच्या शिबिरात हीच बाई माईक सोडायला तयार नव्हती!

"अक्का, कसं काय?" मी विचारलं.

उत्तर आबांनी दिलं. "बाईले काय इचारतस भाऊ? मी सांगस ना. बठ्ठं ठरी गयं. आज अर्ज मांगे लेणं शे."

अर्ज मागे? माझ्या अंगात वारंच शिरलं.

"कोणाला विचारून?"

"इचारनं कोनले? घरनी बाई शे. मी सांगसू, ती सही करी."

पदराआडून आवाज आला, "भाऊ, मनं आयका..."

"अक्का, घाबरू नका. मी बोलतो!"

आणि बोललो ना! संविधान काढलं, सावित्रीबाई काढल्या, आबांची आई काढली. बायको म्हणजे काय तुमची बैलजोडी आहे का, असंही म्हणालो. मध्ये अक्का दोनदा काहीतरी बोलायला गेल्या. दोन्ही वेळा मी हात दाखवून त्यांना धीर दिला. शेवटी दाराकडे बोट केलं, "आधी बायकोला विचारायचं, तुझी इच्छा काय? मग अर्जाचं बोलायचं!"

आबांनी टोपी काढली, परत घातली. "भाऊ, बरोबर शे तुमनं. मी तिले इचारंच नही." आणि खरंच निघून गेले.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्यासारखा समाजसुधारक अख्ख्या खानदेशात नव्हता!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक गृहस्थ चहाचे कप घेऊन आले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "आबा कथा गयात?"

"घालवून दिलं!" मी चहा उचलला. "तुमच्यासारखे पुरुष हवेत बघा. ह्या अक्कांच्या नवऱ्याने शिकावं तुमच्याकडून."

"अक्काना नवरा मीच शे," ते म्हणाले.

चहा नाकात गेला.

अक्कांनी पदर मागे टाकला. "ते मना जेठ शेतस! त्यासना म्होरे तोंड उघाडं ठेवतस का? कमलबाई त्यासनी बायको. तिना अर्ज मांगे लेणार व्हतात!"

म्हणजे बघा. अक्कांनी स्वतः त्या घरी खेटे घालून भांडण मिटवलं होतं. कमलबाई माघार घेणार, अक्का बिनविरोध सरपंच! आबा तोच शब्द द्यायला आले होते. आणि नवऱ्यापुढे कोणी नाकापर्यंत पदर घेत नाही, तो मान जेठाचा, म्हणजे थोरल्या दिराचा, हे मला कोण सांगणार? मी पडलो जळगावातल्या फ्लॅटमधला!

आम्ही तिघं पळत कमलबाईंकडे गेलो. त्या तालुक्याला जायचं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या, पण उठायला तयार नाहीत.

"इतला वरीसमा यासनी आज पहिल्यांदा इचारं, तुनी काय इच्छा शे. मनी इच्छा शे लढानी!" वर मला शेवेची बशी. "ल्या भाऊ, तुमना उपकार!"

मी शेव खाल्ली. माघारीची वेळ तिथेच टळली.

निवडणूक झाली. कमलबाई निवडून आल्या. सत्कारात त्यांनी मला स्टेजवर बोलावून नारळ दिला. समोर पहिल्या रांगेत अक्का, टाळ्या वाजवत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माधुरीताई एवढंच म्हणाल्या, "बाई निवडून आणायला सांगितलं होतं. आपली."

परत निघताना मी अक्कांचे पाय धरले. "चुकलो अक्का. पण तुम्ही तेव्हाच जरा ओरडून का नाही सांगितलंत?"

अक्का हसल्या. "कशी सांगू? मना मालक मनासाठे च्या करतस. जेठ म्होरे मी पदर लेस, पण माले जे बोलनं ते बोलस. मना घरमा माले बोलू नही देणारा येकच गडी उना, भाऊ. तुम्ही!"