बंगालच्या उपसागरात फोर्कलिफ्ट

काल डांगे चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात पेन घ्यायला गेले आणि काउंटरच्या वर खिळ्याला लटकलेला दिसला, भारताचा प्लास्टिकचा छापा! निळा, पारदर्शक, कडेनं पेन्सिल फिरवली की देश तयार. मला इतकं हसू आलं की दुकानदार बघायलाच लागला. तुम्हीपण शाळेत हाच फिरवला असणार. गुजरातच्या टोकाशी पेन्सिल अडायची, काश्मीरला वळताना छापा सरकायचा, आणि उजवीकडं खाली अंदमान-निकोबारच्या त्या बारीक चिरा! त्यात पेन्सिलीचं टोक जायचं नाही, गेलंच तर तुटायचं. म्हणून आमचा अख्खा वर्ग बेटं सोडून द्यायचा आणि बाईही काही बोलायच्या नाहीत. असा बेटांशिवायचा देश एकदा हाताला बसला की किती घट्ट बसतो, ते मला डिप्लोमानंतर चाकणला ट्रेनी असताना कळलं.

पंधरा ऑगस्टला कंपनीत रांगोळीची स्पर्धा असायची. आमच्या क्वालिटीवाल्यांनी ठरवलं, शॉपफ्लोअरवर भारताचा मोठ्ठा नकाशा काढायचा आणि ज्याचं राज्य त्यानंच भरायचं. बिहार, ओडिशा, तामिळनाडू, कुठकुठली माणसं होती आमच्यात! आखणीला आमच्या विभागातले सगळ्यात जुने, सगळ्यांचे काका. मूळचे मावळातले, सगळी नोकरी मोजमापात गेलेली, चहाचा कपसुद्धा सरळ रेषेत ठेवणारे. दोरी आणि खडू घेऊन त्यांनी सकाळी सातलाच फरशीवर चौकोन पाडले. फोर्कलिफ्टच्या रस्त्याचा पिवळा पट्टा मधे येत होता, तर आम्ही नकाशा असा सरकवला की रस्ता बरोब्बर बंगालच्या उपसागरातून जाईल. तिथं नुसतं पाणी, जाऊ दे की गाडी! केवढे खूश होतो आम्ही आमच्या हुशारीवर.

तेवढ्यात माझी रूममेट, तीही ट्रेनीच, हिरव्या रंगाची पुडी घेऊन नकाशाभोवती दोनदा फिरली. ती पोर्ट ब्लेअरची. आपलं घर आपल्या हातानं भरून आईला फोटो पाठवणार, हे तिनं आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलेलं.

"आमचं कुठंय?" तिनं विचारलं.

एकानं तोडगा काढला, "खाली एक चौकोन करू ना, पुस्तकात असतो तसा. त्यात बसव."

"चौकोनात का? मी काय पार्सल आहे?"

"मग चेन्नईच्या जवळ ओढून घेऊ," दुसरा म्हणाला. हसलो आम्ही. ती नाही हसली. पुडीचं तोंड परत दुमडायला लागली, आणि मला एकदम लाजच वाटली, कारण आदल्या रात्री एकाच डब्यात जेवलो होतो आम्ही आणि नकाशा ठरवताना ती मला आठवलीच नव्हती.

काकांनी टेप काढली, चौकोन मोजत गेले आणि थेट पिवळ्या पट्ट्यात उकिडवे बसले. "हितं येतंय. जिथं हाय तिथंच काढायचं." मग फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बीडच्या भाऊंकडं वळून, "बेटावरून गाडी न्हाई जायची."

"आन् म्या कुठून जाऊ? पंजाबातून?"

"सुपरवायझरला सांगतो मी. पलीकडच्या गेटनं जा."

भाऊ कुरकुरले, पण गेले. जाताना बेटांच्या अलीकडं थांबून जहाजासारखा लांबलचक भोंगा वाजवला, तेव्हा कुठं ती हसली! पट्ट्यात मांडी घालून तिनं एकेक बेट चिमटीनं भरलं, पार खालच्या टोकापर्यंत.

बक्षीस मोर काढणाऱ्या पेंटशॉपला गेलं, जाऊ दे. आम्ही शिडीवर चढून फोटो काढला, तिनं पाठवला, आणि लगेच आईचा फोन. बेटं छान झालीत वगैरे काही नाहीच. पहिला प्रश्न, "तू इसमें कहाँ है?"

अख्खा महाराष्ट्र नुसता केशरी! चाकण कुणी दाखवलंच नव्हतं. तिनं फोन कानाला धरूनच काकांना विचारलं, काकांनी बोट ठेवलं, आणि तिनं तिथं चिमूटभर हिरवं टाकलं. दुसरा फोटो गेला.

दुपारी सगळं झाडून निघालं, फरशी पुन्हा करडी. ती आता पोर्ट ब्लेअरलाच नोकरी करते, मी थेरगावात. पण टीव्हीवर हवामानाचा नकाशा आला की माझे डोळे आधी उजवीकडं खाली जातात, तिच्याकडं पाऊस आहे का बघायला. ती म्हणते, ती आधी चाकण बघते. त्या नकाशावर चाकण लिहिलेलं नसतं, तरी तिला ते बरोब्बर सापडतं.