झेंड्याची इस्त्री

इस्त्रीवाले काकाजी कपड्यांवर पाणी तोंडानं मारायचे. तांब्यातला एक घोट घ्यायचा, गाल फुगवायचे आणि 'फुर्र' करून असा बारीक फवारा उडवायचा, की सदऱ्यावर एकही मोठा थेंब पडत नसे. यवतमाळला आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर, कडुनिंबाखाली त्यांचा ठेला होता. नवीन मुली ते पाहून नाक मुरडायच्या. काकाजी म्हणायचे, "काहून वं, किळस येते? तुमच्या मोठ्या सायबाचा शर्टबी असाच होते. त्याले सांगू नोको फक्त." पण वर्षातले दोन दिवस, चौदा ऑगस्ट आणि पंचवीस जानेवारी, हा फवारा निराळा असे. त्या दिवशी आसपासच्या शाळा-कार्यालयांचे झेंडे इस्त्रीला यायचे, आणि झेंड्यावर काकाजींनी तोंडाचं पाणी कधीच मारलं नाही.

झेंडा आला की ते आधी नळावर जाऊन साबणानं हात धुवायचे. टेबलावरची डागाळलेली चादर काढून घरून आणलेलं पांढरं धुतलेलं धोतर अंथरायचे. मग वाटीतलं पाणी बोटांनी शिंपडायचे. मी एकदा भीत भीत विचारलं, की असा फरक कशासाठी. ते म्हणाले, "शर्टाले उष्टं चालते. तो एका माणसाचा असते. हा कोणाकोणाचा हाय, सांग बरं?" उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. ते कोळसे फुंकायला लागले.

इस्त्री झालेला झेंडा ते पिशवीत टाकून देत नसत. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, चक्र वर ठेवून घडी करत आणि न्यायला आलेल्याच्या दोन्ही तळहातांवर ठेवत. शेजारच्या शाळेचे शिपाई गजूभाऊ स्कूटरवर यायचे. ते वैतागायचे, "काकाजी, दोन्ही हातांवर झेंडा, मंग गाडी काय दातानं चालवू?"

"गाडी राहू दे इथंच. पायी जा. काही दिल्लीले न्यायचा हाय काय?"

गजूभाऊ बडबडत पायी जायचे आणि बडबडत गाडी न्यायला परत यायचे. हे दर वेळी व्हायचं. मला वाटतं, दोघांनाही ते आवडत असावं.

काकाजी कडक होते, पण कशावरही चिडणारे नव्हते. एकदा आमच्या वर्गातली मुलगी तिरंगी ओढणी घेऊन आली आणि बिचकून म्हणाली, "काकाजी, चालते ना?" त्यांनी ओढणी उलगडून पाहिली आणि सरळ तोंडानं पाणी मारलं. "हे ओढणी हाय वं. तीन रंग दिसले म्हणून झेंडा होत नाही." पण त्याच आठवड्यात एका कार्यक्रमवाल्यानं पाहुण्यांच्या टेबलावर अंथरायला म्हणून चक्र असलेला झेंडाच आणला, तेव्हा त्यांनी तो हातात घेतला नाही. "यावर चहाचे कप ठेवसान तुम्ही," एवढंच म्हणाले.

जुन्या झेंड्याच्या बाबतीत त्यांचा एक ठरलेला शब्द होता: निरोप. एका जानेवारीत आमच्या कॉलेजचा खादीचा झेंडा त्यांनी उजेडात धरला. कडा विरली होती, धागे लोंबत होते. ते म्हणाले, "याले एवढ्या खेपेले इस्त्री करून देतो, पण आता याचा निरोप घ्या. याचं काम झालं." त्याप्रमाणे पुढे नवीन झेंडा आणायचं ठरलं. पुढची गोष्ट त्या नव्या झेंड्याची आहे.

मी बोरी अरब या गावची. बाबा दारव्ह्यापर्यंत ऑटो चालवतात. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे ऑफिसात काही विचारायचं म्हटलं तरी मी दारात दोनदा मागे फिरायची. राष्ट्रीय सेवा योजनेत मी नाव दिलं होतं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये योजनेच्या सरांनी झेंड्याची जबाबदारी माझ्याकडे दिली. मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "नीट कर वं माय."

चौदा तारखेला ऑफिसातल्या बडे बाबूंनी, म्हणजे मोठ्या कारकुनांनी, नवा झेंडा पाकिटासकट माझ्या हातात दिला. पाकिटावर लहान अक्षरांत 'पॉलिस्टर' लिहिलं होतं. मी ते वाचलं. असेही झेंडे आता चालतात, हे सरांकडून ऐकलं होतं. पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकून मी ठेल्यावर गेले. काकाजींना सांगावं असं मनात आलं होतं. पण ज्यांची हयात कापडात गेली त्यांना कापड कोणतं ते मी काय सांगणार, असं वाटलं. ते हसतील, अशीही भीती होती.

ठेल्यावर पांढऱ्या कपड्यांचा ढीग होता. उद्या सगळ्यांनाच पांढरं घालायचं होतं. काकाजींनी हात धुतले, धोतर अंथरलं, झेंडा पसरला आणि दोन्ही तळहात त्यावरून फिरवले. हात क्षणभर थांबले. माझ्या तोंडाशी शब्द आला. तेवढ्यात मागून कोणी ओरडलं, "काकाजी, माह्या कुर्त्याचं काय झालं?" आणि इस्त्री खाली टेकली.

प्लास्टिक जळल्यासारखा वास आला. हिरव्या पट्ट्याचा कोपरा आकसला, इस्त्रीला चिकटला आणि वितळून त्याला तळहाताएवढं भोक पडलं.

काकाजींना आयुष्यात एकाच गोष्टीची फुशारकी होती. ती ते दर वर्षी सांगायचे, "आजवर माह्या हातानं एकाबी झेंड्याले डाग नाही." त्या दिवशी त्यांनी इस्त्री उभी केली. झेंड्याची घडी घातली, नेहमीसारखीच, चक्र वर ठेवून.

मी धावत ऑफिसात गेले. बडे बाबू फोनवर होते. फोन खाली ठेवून म्हणाले, "कोपरा आत दुमडून दोन टाके घाल. एवढ्या उंचीवर कोणाले दिसते?" मी परत येऊन तेच काकाजींना सांगितलं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटत होतं.

काकाजी म्हणाले, "मले दिसते ना." मग ढिगावर चादर टाकली, कोळसे विझवले आणि चपला घातल्या. "चाल. कोणाकडे जास्तीचा झेंडा हाय, ते मले माहीत हाय."

त्यांच्या वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी ठेला बंद करून ते दारोदार निघाले. मी मागे. पहिलं दार गजूभाऊंच्या शाळेचं. काकाजी पायरीखालीच उभे राहिले आणि म्हणाले, "गजू, कॉलेजचा झेंडा जळला. माह्या हातून. बोटाले समजलं नाही. तुमच्याकडचा दुसरा देता काय एक दिवस?"

गजूभाऊंना आधी थट्टाच वाटली. "तुमच्या हातून? म्हणजे आम्हाले पायी चालवता अन् सोता झेंडा भाजता?" मग काकाजींचा चेहरा पाहून त्यांनी हसणं आवरलं. त्यांच्याकडचा दुसरा झेंडा आधीच दुसऱ्या शाळेला गेला होता.

दुसऱ्या दारात, एका पतसंस्थेत, काकाजींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. झेंडा जळला. माह्या हातून. तिथल्या बाई म्हणाल्या, "आता वय झालं तुमचं, काकाजी." त्यांनी मान हलवली. कापड फसवं होतं, गिऱ्हाइकानं घाई केली, असं ते सहज म्हणू शकले असते. मी दोन पावलांवर उभी होते आणि पाकिटावरची ती अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती. पण मी बोलले नाही.

तिसऱ्या दारात, मुलांच्या वसतिगृहात, झेंडा मिळाला. खादीचा, थोडा लहान, पण स्वच्छ आणि धड. काकाजींनी तो दोन्ही हातांवर घेतला आणि परत येईपर्यंत रस्त्यात कोणाशी बोलले नाहीत. सकाळी तो आमच्या खांबावर चढला. उंच खांबाला तो लहान दिसत होता. बडे बाबू कपाळाला आठी घालून वर पाहत होते. काकाजी फाटकाबाहेर उभे होते, अंगात चुरगळलेला सदरा. स्वतःच्या कपड्यांना इस्त्री करायला त्यांना वेळ मिळाला नव्हता.

सोळा तारखेला त्यांनी मला घरी बोलावलं. मागच्या अंगणात, दार लावून, त्या जळक्या झेंड्याला काडी लावून निरोप दिला. मी मोबाईल काढला तर म्हणाले, "फोटो नोको. हे दाखवायचं नसते." पूर्ण राख होईपर्यंत ते उभे राहिले. मीही राहिले. मी तेव्हाही सांगू शकले असते.

पंचवीस जानेवारी जवळ आली तशी मला धाकधूक लागली. आता कोणी झेंडा देईल का त्यांच्याकडे? त्यांनी स्वतःच तर तीन दारांत सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी मी सकाळीच ठेल्यावर जाऊन बसले. काकाजींनी धोतर अंथरून ठेवलं होतं. ते रस्त्याकडे पाहत नव्हते. पाहत नाही असं दाखवत होते.

सर्वांत आधी गजूभाऊ आले, तेही पायी. "हे घ्या. यंदा भाजू नका म्हणजे झालं." मागे आलेले दोघे-तिघे हसले. काकाजीही हसले आणि म्हणाले, "आण, आण." त्यांचं ते हसणं मला सहन झालं नाही.

"काकाजी, मले माहीत होतं," मी म्हणाले. "पाकिटावर पॉलिस्टर लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. सांगितलं नाही."

गजूभाऊ माझ्याकडे वळले. "अवं, मंग इतके महिने म्हाताऱ्याले बोलणी खाऊ दिली तू?"

"गजू, गप," काकाजी म्हणाले. ते झेंड्याची कड सरळ करत होते. "मलेबी समजलं होतं. हाताले गुळगुळीत लागलं. खादी अशी लागत नाही. पण गर्दी होती, म्हटलं झेंडा हाय म्हणजे सुतीच असीन. हातानं सांगितलं, मीच ऐकलं नाही."

"पण तुम्ही तर सगळ्यांना सांगितलं, की बोटाले समजलं नाही."

"मी काय काय बोलतो ते लिहून ठेवते काय तू? सरक बाजूले, राख उडून राह्यली."

त्यांचे हात त्या दिवशी थांबले होते, हे मी पाहिलं होतं. पण 'समजलं नाही' आणि 'समजलं होतं' यांतलं एक खोटं होतं. ऑगस्टमध्ये ते खोटं बोलले असतील, तर स्वतःची चूक थोडी लहान करायला. आणि तसे ते नव्हते. जानेवारीत बोलले असतील, तर गजूभाऊंच्या समोर माझी मान खाली राहू नये म्हणून. मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी मला पुन्हा बाजूलाच सरकवलं असतं.

होळीनंतर काकाजी ठेला बंद करून बाभुळगावला लेकीकडे राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "शीक चांगली. अन् बोलत जाय जरा."

पुढे एकदा मी बोनाफाईड दाखला घ्यायला ऑफिसात गेले होते. कोणीतरी ठेल्याची चौकशी केली, तेव्हा बडे बाबू रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "गेला तो म्हातारा. बरं झालं. हात चालत नव्हता त्याचा, आपला झेंडा जाळला होता."

मी दारातून मागे फिरले नाही. टेबलापाशी गेले. मी म्हणाले, "बाबूजी, तो झेंडा माझ्यामुळे जळला."

"काय?"

माझा आवाज फार बारीक आला असावा. मग मी पुन्हा सांगितलं, खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलींनाही ऐकू जाईल असं, पाकिटावरच्या अक्षरांपासून सगळं.